भिंतीपलीकडची काठी

घराच्या मागच्या खोलीत सुतार फोटोफ्रेमना रंगाचा फवारा मारत असे. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती, मुलगी लांब गावी. घरात तोंड उघडणारं एकच उरलं होतं, त्याचा जुना कॉम्प्रेसर. सकाळी बटण दाबलं की तो घर डोक्यावर घेई, आणि लगोलग पलीकडून सामायिक भिंतीवर काठी आपटे. ठक ठक ठक.

पलीकडे वहिनी राहायची, थोरल्या भावाच्या माघारी एकटीच. भाऊ गेला त्या आठवड्यात दोघांचं कशावरून तरी वाजलं आणि बोलणं तुटलं. काठीचा मात्र एक दिवस खाडा नाही.

म्हातारीच्या डोक्याला आपल्या मशीनचा ताप होतोय, हे सुतार मनोमन धरून बसला होता. तोंडाने माफी मागणं त्याच्याच्याने होणारं नव्हतं. त्यापेक्षा आवाजच बंद करावा. राग उतरला तर बाई कधीतरी दारात उभी राहील, एवढीच त्याची आशा.

दुकानदाराने चकचकीत, छोटा कॉम्प्रेसर पुढे केला. "काका, हा घ्या. उचलायला हलका."

"आणि ओरडायला?"

दुकानदार ओशाळून हसला.

"हळू फिरणारी मोटर दाखव. टाकी मोठी हवी, एकदा भरली की बराच वेळ गप्प बसेल अशी."

"असं तर माणूससुद्धा मिळत नाही, काका!"

मशीन मात्र मिळालं. घरी आणून त्याने पायांखाली जाड रबर घातलं, हवा ओढणाऱ्या तोंडाला लांब नळी जोडली, वरून जड फळ्यांची पेटी केली आणि आतून बायकोची जुनी ब्लँकेटं ठोकली. पेटी इतकी घट्ट बसली की मोटर तापून बंद पडली. स्वतःलाच चार शिव्या हासडून त्याने हवेला वाट काढली, छोटा पंखा बसवला. मग बटण दाबलं. नुसती गुणगुण. त्याला केवढा आनंद झाला!

काठी वाजली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. वहिनी काही आली नाही. फ्रेम रंगवता रंगवता तो भिंतीकडे बघत राही. इतकं एकटं त्याला बायको गेली तेव्हाही वाटलं नव्हतं.

आठवडा उलटला आणि दारावर काठी आपटली. वहिनी धापा टाकत उभी. त्याला पाहून ती मटकन उंबऱ्यावरच बसली.

"भावजी, आहात होय तुम्ही!"

"मला काय धाड भरलीय?"

"तुमचं ते धूड वाजेना. रोज ते ऐकलं की कळायचं, भावजी उठले. मग मी काठी आपटायची, मीही उठलेय म्हणून."

"मला वाटलं, तुम्ही रागावता."

"रागावलेय की! ते भांडण वेगळं." तिने पदराने डोळे टिपले. "कालपासून तीनदा दारापर्यंत येऊन परत गेले. उघडलं नसतंत, तर काय केलं असतं मी?"

"चहा टाकतो," तो म्हणाला.

"नको. गॅसवर दूध आहे." ती काठी टेकत गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने पेटीचं दार उघडं ठेवून बटण दाबलं. तरी गुणगुणच, मशीन पारखून घेतलं होतं ना! शेवटी त्याने लाकडी हातोडा उचलला आणि भिंतीवर तीनदा आपटला.

उत्तर यायला जरा वेळ लागला. तेवढ्या वेळात तो हातोड्यासकट दारापर्यंत पोचला होता.