पाकळी पडेपर्यंत

सखाराम गुरवाने जास्वंदीची एक ओली पाकळी देवीच्या उजव्या खांद्यावर चिकटवली, दुसरी डाव्यावर. उजवी आधी पडली तर लग्न, डावी पडली तर मोडलं. साखरपुड्याला दीड वर्ष होऊनही नीरजा आणि मुकुल यांचा घोळ मिटेना, तेव्हा नीरजाच्या वडिलांनी प्रकरण वरच्या कोर्टात, म्हणजे गावदेवीकडे, सोपवलं होतं. ते स्वतः बाहेर पायरीवर सुपारी कातरत बसले होते.

"आये, ही लेकरां तुझ्या पायाशी आलीत," सखारामने गाऱ्हाणं घातलं. "यांचा काय तो सोक्षमोक्ष कर!"

"होय महाराजा," दोघे एका सुरात म्हणाले. कित्येक महिन्यांत त्यांचं एकमत झालं ते एवढंच.

मग वाट बघणं आलं.

"पुण्याची नोकरी धरलीस तेव्हा नाही देवीला विचारलंस," नीरजा समोर बघत म्हणाली.

"तुलाही नव्हतं विचारलं. तू काय बोलणार ते पाठ होतं."

"म्हणून एसटीडीवरून कळवलंस. तेही माझ्या आईला."

"तू फोनवर येत नव्हतीस!"

"शाळेत वर्ग सोडून येऊ?"

"घे, वर्गच घे जन्मभर. नवऱ्याचाही घेशील."

"झालास तर ना."

"भांडा, भांडा," सखाराम समईत तेल घालत म्हणाला. "देवी ऐकते सगळां. फक्त जरा हळू."

नीरजाने अंगठी सकाळीच काढून रुमालात बांधली होती. डावी पडली की अंगठी मुकुलच्या हातावर ठेवायची आणि मागे न बघता घाटीच्या पायऱ्या उतरायची. सोबत म्हणायचं वाक्यही तयार होतं.

उजवी पाकळी खिळा मारल्यासारखी बसली होती. तेवढ्यात खाडीवरून वारा सुटला. डावीची कड सुटली आणि थरथरू लागली.

"बघ," मुकुल म्हणाला. "देवीलाही तुझा कंटाळा आलाय."

नीरजाच्या जिभेवर उत्तर आलं होतं, चांगलं झणझणीत. ते तिथेच ठेवून ती उठली. देवळाचं दार दिवसा लावायची पद्धत नव्हती. ती चौकटीत जाऊन वाऱ्याकडे पाठ करून उभी राहिली आणि पदर दोन्ही हातांनी पसरला.

"बाय, बाजूला व्हा," सखाराम म्हणाला. "उजेड अडतो."

"अडू दे."



मागे अडकित्ता थांबला.

"काय गो, पडलं काय?" बाबांनी विचारलं.

"नाही अजून," नीरजा म्हणाली, आणि तिने पदर जरा आणखी ताणून धरला.