तिघींचे पिंड

हरिद्वारजवळच्या कनखलच्या घाटावर मुंडन करून सतेश्वरी स्वतःच्याच श्राद्धाला बसली होती. संन्यास घ्यायचा तर आधी आपण मेलो असे धरून आपल्या हाताने आपलाच पिंड गंगेत सोडायचा, हा आखाड्याचा रिवाज. इथे जो अडखळेल त्याला गुरू माताजी सरळ घरी पाठवत. मागच्या पायरीवर मुलगा विमल त्याच आशेवर बसला होता, खिशात गावी, पौडीला परतणाऱ्या बसची दोन तिकिटे घेऊन.

"मृताचं नाव, गोत्र?" पुरोहितांनी विचारले.

आता हे सतेश्वरीला उभ्या जन्मात कुणी विचारले होते? सगळे परस्पर ठरवून मोकळे होत. माहेरी ती काश्यप गोत्राची सत्तो. सासूने तिची कमला केली, गोत्र भारद्वाज झाले. विमल झाला आणि तेही नाव गेले, उरली विमलची आई. यांतली मेली कोण?

"नवऱ्याचं गोत्र सांगा, बाई. खोळंबा होतोय."

"आई, ऊठ," विमल म्हणाला. "स्वतःचं नाव सांगता येईना आणि म्हणे ब्रह्म शोधणार. चल घरी."

समोर बसलेल्या माताजींची नजर तिच्या हातांवर होती.

सतेश्वरी हातातल्या पिठाकडे बघत राहिली. सत्तो शेळ्यांमागे धावताना दिसली. कमला चुलीपुढे डोळे पुसताना दिसली. विमलची आई तापलेल्या पोराच्या उशाशी बसलेली दिसली. तिघी आल्या आणि गेल्या. मग हे सगळे बघत होते कोण?

तिने पिठाचे तीन गोळे केले.

"एकच करायचा असतो," पुरोहित करवादले.

"मेल्या तिघी, महाराज. एकीला जेवू घालून दोघींना उपाशी कसं ठेवू?"

"आणि तुम्ही कोण मग?"

"मी त्यांना पोचवायला आलेय. मला गोत्र नाही. कधीच नव्हतं, हे आत्ता कळलं."

माताजी खळखळून हसल्या. "भगवी वस्त्रं आणा रे हिची," त्या म्हणाल्या.

सतेश्वरीला इतका आनंद झाला की डोळ्यांतले पाणी तिने पुसलेही नाही. सत्तोला सोडले, कमलाला सोडले. तिसऱ्या पिंडाशी मात्र हात थांबला. तिने मागे वळून पाहिले.

"ये विमल. हिला तू पोचव. ही तुझी होती."

विमल पाण्यात उतरला. रडत रडत त्याने पिंड सोडला. मग वर येऊन तिच्या पायांवर डोके ठेवले, ओठांवर आलेले 'आई' गिळले आणि संन्याशांना म्हणतात तसे म्हणाला, "नमो नारायण."