मधल्या मजल्यावरच्या घड्या

त्या घरातली एक खोली धुतलेल्या कपड्यांची होती. म्हणजे खोली पाहुण्यांसाठी होती, पलंगही पाहुण्यांसाठीच होता. पण पाहुणे येतात कधीमधी आणि कपडे धुतले जातात रोज, तेव्हा ताबा कुणाचा हे सांगायला नको. दोरीवरून काढलेले कपडे ‘जेवणं झाली की घड्या घालू’ असं म्हणून त्या पलंगावर टाकले जायचे. जेवणं व्हायची, घड्या व्हायच्या नाहीत. मुलांनी त्या ढिगाला डोंगर असं नाव ठेवलं होतं. सकाळी शाळेची घाई सुरू झाली की थोरली भिंगरी आणि धाकटा बोका त्या डोंगरावर चढायचे आणि डोंगर पोखरून प्रत्येकी एक मोजा काढायचे. दुसरा मोजा मिळणं न मिळणं डोंगराच्या मर्जीवर होतं.

आईबाप आळशी होते म्हणावं, तर तसंही नाही. आई दातांच्या प्रयोगशाळेत कवळ्या तयार करायची. मेणात एकेक दात बसवायचा, तो केसभरही मागेपुढे होता कामा नये. नाहीतर कुणाचे तरी आजोबा जेवताना घास चावण्याऐवजी शिव्या चावणार. बाप लिफ्ट दुरुस्त करायचा. अडकलेल्या माणसांना बाहेर काढण्यात त्याचा हातखंडा होता. दाराच्या फटीला तोंड लावून तो इतक्या शांत आवाजात बोलायचा, की आत रडणाऱ्या बायका रडणं थांबवून त्याला कुठल्या गावचे म्हणून विचारायच्या. संध्याकाळी ही दोघं घरी परतली की आधी जास्त कोण दमलंय याचा सामना व्हायचा. तो बहुतेक वेळा बरोबरीत सुटायचा, आणि तोवर बोका ताटाशेजारी मान टाकून झोपलेला असायचा.

एका शनिवारी दुपारी बापाच्या आईचा फोन आला.

“अरे, मी उद्याची आजच निघाले. बसमधून उतरलेसुद्धा. आता गाडी करते आणि येतेच. माझ्या कमरेनं दगा दिलाय, तेव्हा तो पलंग तेवढा अंथरून ठेव.”

त्यानं “हो हो, ये की” म्हणून फोन ठेवला आणि बायकोकडे बघितलं. तिनं त्याच्या चेहऱ्यावरूनच ओळखलं.

“आई?”

“आई.”

“आज?”

“आत्ता.”

या आजी साध्यासुध्या नव्हत्या. मोठ्या रुग्णालयातून मेट्रन म्हणून निवृत्त झालेल्या. त्यांच्या वॉर्डातल्या चादरीवर सुरकुती दिसली, तर त्या पेशंटला खुर्चीत बसवून पलंग पुन्हा लावून घ्यायच्या, मग पेशंट कितीही बडी असामी असो. सूनबाईंना त्या कधी वाकडं बोलल्या नव्हत्या. फक्त बघायच्या. बोलणं एक वेळ परवडलं असतं.

“कपाटात कोंबू,” तो म्हणाला.

“कपाट उघडलंस तर आधीचे कोंबलेलेच तुझ्या अंगावर येतील.”

“मग आपल्या खोलीत?”

“आई पाणी प्यायच्या आधी आपली खोली बघतात.”

त्याचे डोळे एकदम चमकले. “गाडीची डिकी!”

एरवी असल्या कल्पनेवर ती हसली असती. पण वेळच अशी आली होती, की तिनं मुकाट्यानं चादरी काढल्या. डोंगराची गाठोडी बांधली. मुलांवर लक्ष ठेवायला समोरच्या काकूंना सांगितलं. काकूंनी गाठोडी बघितली, “घर सोडून चाललात की काय?” असं विचारलं आणि उत्तराची वाट न बघता बोक्याला कडेवर घेतलं. दोघांनी गाठोडी ढकलत, ओढत लिफ्टमध्ये भरली. दार लागलं. लिफ्ट निघाली. जराशी उतरली, खर्रकन आवाज झाला आणि दोन मजल्यांच्या मध्ये थांबली.

त्यानं खाली बघितलं. शेवटच्या गाठोड्याच्या चादरीचं एक टोक दाराच्या फटीतून बाहेर गेलं होतं आणि तिकडेच कुठेतरी अडकलं होतं.

“चादर अडकली,” तो म्हणाला.

“हे तूच सगळ्यांना सांगत असतोस ना? ओढण्या सांभाळा, पिशव्यांचे बंद आत घ्या?”

“सांगतो.”

“छान सांगतोस.”

त्यानं चादर ओढून बघितली, दार ढकलून बघितलं, छताकडेही बघितलं. पण बाहेरून सुटका करणारा माणूस कितीही पटाईत असला, तरी आतून तो इतरांसारखाच. शेवटी त्यानं मदतीचं बटण दाबलं. ते बटण थेट त्याच्याच कंपनीत वाजायचं.

“नमस्कार, घाबरू नका,” पलीकडून एका मुलीचा गोड आवाज आला. “दाराला टेकू नका. दार उघडायचा प्रयत्न करू नका.”

“अगं, मी आहे! मी!”

“शांत राहा, काका. लिफ्टमध्ये किती माणसं आहेत?”

“दोन माणसं. आणि कपडे.”

मग मुलीनं जपून विचारलं, “कपडे... अंगावर आहेत ना?”

बायको गाठोड्यावर बसून तोंडात पदर कोंबून हसायला लागली. शेवटी त्यानं आपली ओळख पटवून दिली. मग पलीकडे बरीच माणसं एकदम हसल्याचा आवाज आला. पक्कडला पाठवतो, असं सांगण्यात आलं. पक्कड म्हणजे त्याच्याच जोडीचा कारागीर. काम पक्कं, पण तो शहराच्या दुसऱ्या टोकाला होता. त्याला यायला वेळ लागणार होता.

दोघं बसली. बसल्यावर दोघांच्याही लक्षात आलं, की दिवसाउजेडी अशी नुसती बसून राहायची वेळ कित्येक महिन्यांत आली नव्हती. कुणाला दूध नको होतं, कुणाचं दप्तर भरायचं नव्हतं. गाठोडी मऊ होती. तिनं चप्पल काढून पाय लांब केले.

मग तिचा हात सवयीनं गाठोड्यात गेला, भिंगरीचा झगा बाहेर आला आणि तिनं त्याची घडी घातली. त्यानंही बोक्याचा सदरा उचलला.

“तुला खरं सांगू?” ती म्हणाली. “तू घरातली कामं करतोस, नाही असं नाही. पण प्रत्येक वेळी जाहीर करतोस. ‘भांडी घासली बरं का!’ ‘कचरा टाकून आलो!’ तोफा तेवढ्या उडवायच्या राहतात.”

“अगं, मदत केली म्हणून सांगतो.”

“मदत? घर काय माझं एकटीचं आहे, आणि तू शेजारून मदतीला येतोस?”

सदऱ्याची बाही कुठे दुमडायची, हे बघण्यात गुंतल्यासारखं त्यानं केलं. आता हा हसण्यावारी नेणार, असं तिला वाटलं होतं. पण तो म्हणाला, “मी का सांगतो, माहीत आहे? सांगितलं नाही तर तुझ्या लक्षातच येत नाही की मी केलं. कारण तू ते परत करतेस.”

“काय परत करते?”

“सगळं. मी भांडी घासली की तू नळाखाली धरून पुन्हा एकदा विसळतेस. मी ओटा पुसला की फडकं घेऊन येतेस. मी घातलेली घडी मोडून नवी घालतेस. मला दिसतं ते. मग मला वाटतं, हिला दोनदा त्रास कशाला? आपण नाहीच केलं तर बरं.”

तिच्या हातात या क्षणी त्यानंच घडी घातलेला सदरा होता आणि तिनं तो अर्धा उलगडला होता.

दोघांनी सदऱ्याकडे बघितलं.

“अरे देवा,” ती म्हणाली.

“बघ.”

“दिवसभर केसाकेसाचा हिशेब करते रे मी. हात ऐकत नाहीत.”

“त्या कवळ्या असतात. हा बोक्याचा सदरा आहे. उद्या तो यावर चिखल पाडणार.”

तिनं तो सदरा होता तसा पुन्हा दुमडला, वाकडा आणि एका बाजूनं फुगलेला, आणि त्याच्या ढिगावर ठेवून दिला. पुढच्या घडीला तिला दोन्ही हात मांडीखाली दाबून बसावं लागलं. त्याच्या पँटची शिवण एकीकडे आणि पाय दुसरीकडे चालले होते. तिनं डोळे मिटून घेतले. त्याला हसू आवरेना.

“एवढा त्रास होतोय?”

“दाढ काढल्यासारखं वाटतंय. तू कर. मी बघत नाही.”

असं करत करत त्यांचं चांगलंच जमलं. ती तिच्या घड्या घालायची, तो त्याच्या. मध्येच त्याला हरवलेला त्याचा बनियन सापडला, तिला गेल्या हिवाळ्यातली शाल सापडली आणि डोंगराच्या तळातून इतके जोडीदार मोजे निघाले, की लग्नाच्या मांडवातसुद्धा एवढ्या जोड्या जुळत नसतील. पक्कडनं जरा उशिरा यावं, असं दोघांनाही वाटायला लागलं होतं.

तेवढ्यात वरून आवाज आला.

“आजी, ते इथे आहेत! या दाराच्या आत!” ही भिंगरी होती.

“आत काय करतायत?” हा आवाज आजींचा.

“डोंगर लपवायला चालले होते,” भिंगरी खणखणीत म्हणाली. “तुम्ही बघू नये म्हणून.”

लिफ्टमध्ये दोघांनी कपाळावर हात मारला. झाकली मूठ पोरीनं जिन्यातच उघडली होती.

“आई,” तो दाराच्या फटीकडे तोंड करून म्हणाला, “तू कशाला जिने चढलीस? कंबर दुखतेय ना?”

“लिफ्ट बंद आहे, म्हणून चढले. मुलगा लिफ्टवाला, आणि आईच्या नशिबी जिना! सूनबाई, बऱ्या आहात ना? गुदमरत नाही ना?”

“बरी आहे, आई.”

“पाणी पाहिजे का? पण देणार कसं म्हणा. बसा तशाच. मी पण बसते इथे पायरीवर.”

आणि आजी खरंच बसल्या. काकूंनी त्यांना उशी आणून दिली. पक्कड येईपर्यंत आजींनी प्रवासातली सगळी हकिकत दाराच्या फटीतून ऐकवली. शेजारच्या बाकावरच्या माणसानं आख्खा रस्ता कसा घोरून काढला, तेही साग्रसंगीत करून दाखवलं. बोका मध्येच फटीत बोट घालून “आई, तू मला दिसत नाहीस” असं कळवत होता.

पक्कड आला तो हसतच. “घाबरू नका,” तो दाराबाहेरून त्याच त्या शांत आवाजात म्हणाला, “कुठल्या गावचे तुम्ही?”

“दार उघड, पक्कड.”

“आधी सांगा, दाराला टेकला नाहीत ना?”

पक्कडनं गच्चीवरच्या यंत्राच्या खोलीत जाऊन लिफ्ट हातानं जरा सरकवली, खाली येऊन दार उघडलं. लिफ्टचा तळ मजल्याच्या बराच खाली राहिला होता. त्यामुळे आधी माणसांनी बाहेर यायचं की कपड्यांनी, असा प्रश्न पडला. माणसं बाहेर आली असती तर कपडे आत राहिले असते. मग कपडेच आधी निघाले. आतून ढीग वर द्यायचे, पक्कडनं घ्यायचे, काकूंकडे द्यायचे, भिंगरीनं मोजे सांभाळायचे. जिन्यात चादर अंथरली गेली आणि तिच्यावर घरातले सगळे कपडे व्यवस्थित मांडले गेले. येणाजाणाऱ्यांना वाटलं, कुणीतरी दुकान थाटलंय.

आजी उठून जवळ आल्या आणि नेहमीसारख्या बघायला लागल्या. एका बाजूला कवळीतल्या दातांसारखे एकसारखे, सरळ रेषेतले ढीग होते. दुसऱ्या बाजूला काही ढीग असे होते, की त्यांच्याकडे बघून कुणालाही मान तिरकी करावीशी वाटावी.

“या सरळ घड्या छान आहेत,” आजी म्हणाल्या. मग वाकड्या ढिगावर बोट ठेवून त्यांनी विचारलं, “आणि ह्या कुणाच्या?”

त्यानं तोंड उघडलं. त्याच्या आधी ती लिफ्टच्या आतूनच, फक्त डोकं आणि हात वर दिसत असताना म्हणाली, “माझ्या, आई. मी घातल्या.”

तो तिच्याकडे बघतच राहिला.

आजींनी सुनेकडे बघितलं, मग मुलाच्या लाल झालेल्या कानांकडे बघितलं. आयुष्यभर पेशंटांच्या थापा ऐकलेल्या बाईला थाप कळायला कितीसा वेळ लागतो? पण त्या एवढंच म्हणाल्या, “असू दे गं. दमलेल्या माणसाच्या घड्या अशाच होतात. फाटले तर नाहीत ना कपडे?”

त्या दिवशी वाकड्या घड्या होत्या तशाच कपाटात गेल्या. कपाटाचं दार लावायला त्याला खांदा लावावा लागला. पलंग अंथरला गेला, आजी त्यावर आडव्या झाल्या आणि त्यांनी जाहीर केलं, की आपण इथे विश्रांतीला आलोय, एक चमचाही उचलणार नाही. तसा त्यांनी तो उचललाही नाही. आठवडाभर त्या झोपल्या, मुलांना गोष्टी सांगितल्या, स्वयंपाकघरात बसून सुनेला रुग्णालयातले जुने किस्से ऐकवले आणि निघताना एव्हाना मैत्रीण झालेल्या काकूंना आपला पत्ता देऊन गेल्या.

पलंग मोकळा झाला आणि बघता बघता पुन्हा डोंगर वाढायला लागला. त्या घरात चमत्कार वगैरे काही घडला नाही. फक्त शनिवारी दुपारी, मुलं काकूंकडे चित्रं काढायला गेली की दोघं त्या खोलीत जाऊन पलंगावर समोरासमोर बसायला लागली. एकदा काम लवकर उरकलं, तेव्हा तिनं आवरलेल्या कपड्यांतला एक ढीग गुपचूप पुन्हा उधळला. त्याला ते दिसलं. त्यानं एक पंचा उचलला आणि तो ‘मागच्या शनिवारी सांगत होतीस, प्रयोगशाळेतल्या त्या नव्या साहेबांचं पुढे काय झालं?’ म्हणून तिला विचारायला लागला.