वज्रनादचा ड्रमर

"भिया, परत एकदा?" यशवर्धनने माइकवरून विचारलं.

त्याच तुकड्याच्या रेकॉर्डिंगची ही अकरावी वेळ होती. संघदीपने पुन्हा काठ्या उचलल्या. सियागंज बाजारातल्या मसाल्याच्या गोदामावरची ती खोली. भिंतींना जुन्या गाद्या ठोकलेल्या. खालून धण्या-जिऱ्याचा वास वर येई. दुपारी हेडफोन लावून बसलं की त्याला वाटे, आपण कुठल्यातरी उबदार तळ्याच्या तळाशी बसलो आहोत.

एकतीस वर्षांपूर्वी कॉलेजातल्या चौघांनी 'वज्रनाद' हा मेटल बँड काढला होता. गाणारा परदेशी गेला, बेसवाला वारला, त्यांच्या जागी आलेलेही टिकले नाहीत. जुने उरले दोघेच : गिटारवर यशवर्धन, ड्रमवर संघदीप. आठवडाभर संघदीप महूच्या एका शाळेत प्रयोगशाळा सांभाळायचा, रविवार बँडचा. आता नऊ वर्षांनी सहावा अल्बम होत होता, आणि नेमका उजवा गुडघा दगा देत होता. दोन्ही पायांनी घोडदौडीसारखा वाजवायचा मोठा ड्रम. त्यात उजवा पाय कणभर मागे राही.

"टेन्शन कायको लेता है," यशवर्धन म्हणाला. "मागे पडलेले ठोके कम्प्युटरवर सरकवून देऊ. कोणाला कळतंय?"

"मला कळेल ना यार. जे वाजलंच नाही, ते माझ्या नावावर नको. शमिकाला बोलाव."

"सोच ले. एकदा ती बसली, की मग शोलाही तीच बसणार."

"माहितीये."

शमिका त्याच्याकडेच शिकली होती. पुढच्या रविवारी ती आली, वाकून नमस्कार करून ड्रमवर बसली.

संघदीपने बाहेरच्या खुर्चीत डोळे मिटले. डोळ्यांपुढे महूचं परेड ग्राउंड आलं, सकाळचं धुकं, आणि धुक्यातून आजोबा भाऊराव, पलटणीच्या बँडचा मोठा ढोल छातीवर बांधून. मागून यशवर्धन काळ्या केसांचा, बेसवाला हसतोय. वाजवतंय कोण, तेच कळेना. आजोबा? आपण?

एक ठोका मागे पडला. त्याने डोळे उघडले.

उघड्या दारातून दिसलं, शमिकाच्या टाचा अधांतरी होत्या. तो आत गेला.

"स्टूल खाली का नाही केलंस?"

"सर, ते तुमचं आहे. कसं हलवू?"

"ऊठ."

तो गुडघ्यावर बसला; कळ मस्तकात गेली. स्क्रू गंजलेला, इतक्या वर्षांत कोणी फिरवलाच नव्हता. दोन्ही हातांनी जोर लावला तेव्हा कुठे तो करकरत सुटला. स्टूल चार बोटं खाली आलं.

"बस आता. टाच टेकली?"

"टेकली."

"मग वाजव. माझ्यासारखं नको. तुझं वाजव."

त्याने दार ओढून घेतलं आणि जिन्याच्या पायरीवर येऊन बसला. खाली हमाल पोती रचत होते. थोड्या वेळाने पायाखालचं लाकूड थरथरू लागलं. तिचे दोन्ही पाय बरोबर पडत होते.