पुलाखालचा भुसा

ओटावा नदीकाठच्या त्या लाकूडगिरणीच्या गावात डेल्बर्ट यांताला सगळेच ओळखत. बागेतल्या ओढ्यावरचा पादचारी पूल त्याने तरुणपणी मित्रांना जमवून बांधला होता. नगरपालिकेने तो पाडून नवा करायचं काढलं, तेव्हा भर सभेत उठून तो माती तपासायला नेमलेल्या जोसे लाकास या इंजिनियर बाईला म्हणाला, "पोरी, तू रांगत होतीस तेव्हापासून लोक यावरून चालतायत. तुमच्या यंत्रांना काम हवं, म्हणून आमचा पूल आजारी!" सभा खो खो हसली. जोसे लालबुंद होऊन खाली बसली.

ऑक्टोबरातल्या एका थंड सकाळी पुलाच्या टोकाशी जमिनीत भोक पाडायचं यंत्र आलं. डेल्बर्ट घडीची खुर्ची आणि कॉफीचा थर्मास घेऊन मजा बघायला हजर. सोबत जुना दोस्त सिरिल.

वरची खडी संपेपर्यंत यंत्राचा हातोडा दणादण वाजला. मग ठोकायची गरजच उरली नाही. मातीचा नमुना घेणारी नळी आपल्याच वजनाने खाली सरकत गेली. वर काढून उघडली, तर आत काळा, ओला, आंबूस वासाचा लाकडाचा भुसा. जुन्या गिरणीने कधीतरी ओढ्याकाठी टाकलेला.

सिरिल हळूच म्हणाला, "डेल, पाया खणताना आपण खडीवरच थांबलो होतो ना रे?"

जोसे जवळ आली. आता ही उट्टं काढणार, म्हणून डेल्बर्टने मान खाली घातली.

"मिस्टर यांता, तुमचं काम चोख आहे. जमीनच पोकळ निघाली," ती म्हणाली आणि कामगारांकडे वळली. "आजपासून पूल बंद. दोन्हीकडून अडवा."

तिने चार शब्द सुनावले असते तर परवडलं असतं, असं त्याला झालं. शाळेची पोरं रोज याच पुलावरून उड्या मारत जात. आणि पूल वाचवायला त्यांच्या आयांच्या सह्या त्यानेच दारोदार फिरून घेतल्या होत्या.

"कॉफी घेतेस... घेता का?" एवढंच त्याला जमलं.

"नको, झाली माझी."

दुसऱ्या दिवशी तो टोपी हातात घेऊन पुन्हा त्याच दारांवर गेला. "पोरांना तिकडे पाठवू नका. मी चुकलो."

"पण तुम्ही तर छाती ठोकून सांगत होता!" एक आई म्हणाली.

"सांगत होतो खरं," तो पुटपुटला.

जोसेची माफी मागायची तेवढी राहिली. रोज तो बागेच्या फाटकापर्यंत जाई, ती दिसली की मागे वळे. एका सकाळी मन घट्ट करून आत शिरला, तर यंत्र निघून गेलं होतं आणि तीही.