वीस कलमं आणि बीजेची कोर

रवींद्ररावांनी डोक्यावर काळी टोपी ठेवली, नव्या सदऱ्याचं वरचं बटण लावलं आणि ते फ्लॅटबाहेरच्या कॉरिडॉरमध्ये पश्चिमेकडे तोंड करून उभे राहिले. सिंगापूरच्या टॅम्पिनीस वस्तीतल्या समोरच्या इमारतीवर बीजेची कोर टेकली होती. चौऱ्याऐंशीव्या वर्षी थाट असा, की पाहणाऱ्याला वाटावं पाटावरच बसायचंय.

पाट मांडायचाच होता. त्यांची चुलत बहीण सुलेखा आज कराचीहून इथे यायची होती. सत्तेचाळीस साली हे सहा वर्षांचे, ती पाच. यांचे वडील यांना घेऊन कराचीहून बोटीने मुंबईला आले. काकांनी, म्हणजे तिच्या वडिलांनी, तिथली बंदरातली नोकरी सोडली नाही. आज ना उद्या निवळेल, म्हणाले. कुठलं निवळतंय! एकमेकांच्या देशात जाणं जमेना, म्हणून या दोघांनी भाऊबिजेला सिंगापूर ठरवलं, यांच्या लेकाचं घर. तर तिचा व्हिसाच नाकारला गेला.

सून क्षिप्रा विद्यापीठात सत्तेचाळीसच्या स्वातंत्र्याच्या कायद्यावर संशोधन करायची. कायदा कोळून प्यालेली बाई, पण इथे तिनेही हात टेकले.

"तुझ्या कायद्याच्या त्या वीस कलमांत भावाबहिणींचं काही आहे का गं?" परवा त्यांनी विचारलं होतं.

प्रांत कुणाचे, फौज कुणाची, सगळं होतं. सिंध तर एका शब्दात पलीकडे गेला होता. भेटीगाठींचं अक्षर नव्हतं. मेली ही विद्या काय कामाची, असं तिला झालं.

मार्ग सुलेखानेच फोनवर काढला. भाऊ जवळ नसला की बाई चंद्राला ओवाळते. ती जन्मभर तेच करत आलेली. मी कोरीला ओवाळीन, तूही तिच्याकडे बघ, म्हणाली.

म्हणून हे उभे. क्षिप्राने घड्याळ पाहिलं. इथे सात. कराचीत आत्ता चार वाजलेत, ऊन असेल. तिथे कोर दिसेल तेव्हा इथली मावळलेली असणार.

"झालं असेल ना तिचं ओवाळून?"

"झालं असेल, बाबा."

त्यांनी समाधानाने टोपी काढली.

जेवणं आटोपली आणि फोन वाजला.

"दादा, दिसली बघ कोर. निरांजन लावलंय. बाहेर आलास का?"

क्षिप्रा त्यांच्या हातातला फोन घ्यायला पुढे झाली. त्यांनी तिला हातानेच थांबवलं, टोपी पुन्हा घातली आणि ते कॉरिडॉरमध्ये गेले. समोरच्या इमारतीवर नुसतं काळं आभाळ होतं.

"आलो. दिसतेय मला," ते म्हणाले. "ओवाळ तू."

आणि टिळा लावून घेताना वाकतात तसे किंचित पुढे वाकून उभे राहिले.