सकाळी सहाची बातमी

संपादकांनी पुढे केलेली खुर्ची तिने हाताने बाजूला सारली आणि मोबाइल त्यांच्या टेबलावर, चहाच्या कपाला लागून, उताणा ठेवला. पडद्यावर तिच्या नवऱ्याचा हसरा फोटो होता आणि खाली ओळ होती, ज्येष्ठ बातमीदार काळाच्या पडद्याआड. बातमी निघाली त्या सकाळी मुलीने ते पान टिपून ठेवलं होतं.

"हे तुमचं. परत घ्या," ती म्हणाली.

संपादकांनी फोटोकडे पाहिलं नाही. कपाच्या कानाशी चाळा करत ते सांगू लागले, की वहिनी, पेपरच्या पोर्टलवरून ती बातमी परवाच काढली, आता शोधूनही सापडायची नाही. ज्याच्या हाताखाली ते लिहायला शिकले, ज्याने त्यांची पहिली बातमी तीनदा टोपलीत टाकून चौथ्यांदा पानावर घेतली, तो माणूस, तिचा नवरा, या घडीला अतिदक्षता विभागात नळ्यांच्या गुंत्यात एकेक श्वास उपसत होता. विहीर आटत आली की पोहरा तळाला घासतो ना, तसा.

"खरकटं धुतलं म्हणजे जेवणच झालं नाही, असं असतं का?" तिने विचारलं.

बातमी मेली तरी तिचा वास घरात होता. परवाच्या आदल्या रात्री डॉक्टर म्हणाले होते, रात्र निघणं अवघड आहे. ते शब्द दवाखान्याच्या जिन्यावरून पोर्टलपर्यंत कोणी नेले, देव जाणे. मृत्युलेख तयारच होता. गावातल्या नावाजलेल्या माणसांचे असे लेख पेपरवाले जिवंतपणीच लिहून ठेवतात. तिच्या नवऱ्यानेही कितीकांचे लिहिले होते, आणि त्यातली काही माणसं बरी होऊन त्याच्याकडे चहाला येऊन गेली होती. पण त्याचा एक नेम होता. घरच्या माणसाशी स्वतः बोलल्याशिवाय कुणाला मारायचं नाही. आता बोलायला कोण बसतं? पोर्टलमध्येच घड्याळ होतं. रात्रपाळीच्या माणसाने लेखाला सकाळी सहाची वेळ लावून दिली आणि तो घरी जाऊन झोपला. लोक डोळे चोळत उठतील तेव्हा पहिली बातमी आपली असावी, एवढाच हिशेब. सहाला यंत्राने आपलं काम चोख केलं. तिच्या नवऱ्याने तेवढं केलं नाही.

ती तेव्हा अंघोळीपुरती घरी आली होती. दार वाजलं, उघडलं, तर शेजारीण गळ्यात पडून रडायला लागली. दवाखान्यात बसलेल्या मुलीला फोन लागेपर्यंत तिनेही ते खरं धरलं होतं. तेवढ्या वेळात ती विधवा होऊन परत आली. ते संपादकांना सांगण्यासारखं नव्हतं आणि तिने सांगितलं नाही.

तिला हवा होता खुलासा. पेपरात, कागदावर, पहिल्या पानावर. आणि उद्याच.

संपादक म्हणाले, आता कागद वाचतो कोण. खुलासा म्हणजे कबुली, असं मालकांचे वकील म्हणतात. शिवाय पानं कमी झालीत, जागा कुठे आहे. काचेपलीकडे अर्धी दालनं रिकामी होती, खुर्च्या एकमेकींवर उलट्या घालून ठेवलेल्या. भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर कुठली बातमी किती जण वाचताहेत त्याचे हिरवे-तांबडे पट्टे हलत होते, आणि उरलेली चार माणसं त्या पट्ट्यांकडे आजाऱ्याच्या नाडीकडे पाहावं तशी पाहत होती.

"कोण वाचतो ते सांगते," ती म्हणाली. "माझे थोरले दीर वाचतात."

दोघा भावांचं बोलणं कधीच तुटलं होतं. थोरल्या दादांच्या डेअरीच्या दुधात पाणी सापडलं, तेव्हा नवऱ्याने ती बातमी दुसऱ्या कुणाला दिली नाही; स्वतः लिहिली, स्वतःच्या नावाने. तेव्हापासून दादांनी या घराचा उंबरा पाहिला नाही. आता नवरा शुद्धीवर आला की ओठांनी एकच शब्द करायचा. दादा. बातमीच्या आदल्या दिवशी तिने मान खाली घालून फोन केला होता, आणि दादा म्हणाले होते, सकाळच्या गाडीने निघतो.

बातमी निघाली त्या दिवशी दुपारी त्यांचाच फोन आला. गाडी जेवायला थांबली, तेव्हा बातमी दिसली, तिथूनच मागे फिरलो, म्हणाले. ती ओरडून सांगत राहिली, ते आहेत, अहो, ते आहेत. दादा म्हणाले, तुमच्या घरात शब्दाला काय किंमत असते ते मी छापून आलेलं पाहिलंय. तो जिवंत आहे हेही छापून येऊ दे, मग येईन.

"मेल्याचं मोबाइलवर चाललं त्यांना, जगल्याचं कागदावर हवंय," ती म्हणाली. "माझ्याकडे वाद घालायला वेळ नाही. त्यांच्याकडेही नाही."

संपादकांनी पोर्टल सांभाळणाऱ्या बाईंना आत बोलावलं. तिशीतली असेल, दोन्ही हातांत दोन मोबाइल, नजर दोन्हींवर. आत येऊन तिने सगळं ऐकून घेतलं आणि मदतीच्याच सुरात म्हणाली, की खुलासा कशाला, काकू, आपण चांगल्या अंगाने करू. मथळा देऊ, मृत्यूला हुलकावणी. तुम्ही पलंगापाशी हात धरून बसलात असा एक फोटो द्या, लोक डोक्यावर घेतील.

"तुझी आई आहे का?" तिने बाईंना विचारलं.

"आहे."

"तिचा लेख तयार आहे?"

बाईंचा चेहरा उतरला, मग कठीण झाला. ती म्हणाली, चूक रात्रपाळीची होती, माझी नाही. मला कळल्याबरोबर मी स्वतः काढली. किती जणांनी पाहिली असेल, मूठभर.

"त्या मुठीत माझे दीर होते. आणि ते ऐकीव नाही. मी विचारलं त्यांना, कुणी पाठवली होती का म्हणून. म्हणाले, असल्या पाठवापाठवीवर मी थुंकतो. जेवायला थांबलो तिथे तुमचंच पोर्टल उघडून वाचली, फोटोसकट, खालपर्यंत."

"कधी?"

"सांगितलं ना. दुपारी."

बाईंनी एक मोबाइल टेबलावर ठेवला, दुसऱ्यावर बोट फिरवलं आणि पडदा तिच्याकडे वळवला. आवाजात अजून भांडणच होतं.

"दुपारी कशी वाचतील? तुमच्या मुलीचा फोन आला आणि मी सातच्या आत काढली. ही बघा नोंद. त्यानंतर जो उघडेल त्याला हे असं कोरं दिसतं. सातला कुठली गाडी जेवायला..."

ती मध्येच थांबली. आपण काय बोलून बसलो ते तिचं तिलाच कळलं असावं. टेबलावर ठेवलेला तिचा मोबाइल थरथरत कडेकडे सरकत होता, तो तिने उचलला नाही.

संपादक खुर्चीत जरा सैल झाले.

"म्हणजे वहिनी," ते हलकेच म्हणाले, "आमच्यामुळे ते परत फिरले, असं काही..."

"छापणार आहात का?"

"आता त्याचा उपयोग काय?"

ती कोऱ्या पडद्याकडे बघत राहिली. दादा निघालेच नव्हते. गावभर गवगवा झाला, कुणीतरी सांगितलं असेल, आणि घरबसल्या माणसाला न येण्याचं कारण सापडलं. बांधावर भांडायला उभ्या माणसाने हाताशी आलेला दगडच भिरकावावा, तसं. तिने आपला मोबाइल उचलून पर्समध्ये टाकला. दारापाशी पोर्टलवाली काहीतरी म्हणाली, बहुतेक सॉरी. तिने तिकडे पाहिलं नाही. जिना उतरून तिने रिक्षा केली.

दवाखान्यात भेटायची वेळ संपत आली होती. काचेबाहेर मुलगी उभी होती. तिने डोळ्यांनीच विचारलं, छापतायत? आईने पायांवर प्लास्टिकच्या पिशव्या चढवल्या आणि ती आत गेली.

तो जागा होता. मास्कच्या आत ओठ हलले, तोच शब्द.

"निघालेत," ती म्हणाली.

त्याने भुवया जराशा उचलल्या. जन्मभर समोरच्याला विचारत आलेला प्रश्न त्याने श्वासाश्वासाने जुळवला.

"कोण म्हणालं?"

"मीच बोलले आत्ता. पूल ओलांडला त्यांनी. गाडीत गर्दी आहे, पण खिडकीची जागा मिळालीय."

तो तिच्या तोंडाकडे बराच वेळ पाहत राहिला. मग त्याची बोटं तिच्या मनगटावर सैल झाली आणि डोळे मिटले.

काचेपलीकडून मुलगी घड्याळाकडे बोट दाखवत होती. ती पलंगाच्या कडेला टेकली आणि पुलानंतर कोणतं गाव लागतं ते आठवू लागली.